पडायचं राहून गेलेलं झाड

समस्त इष्टमित्र, शेजारीपाजारी आणि विशेषतः सासुरवाडीची मंडळी यांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, झाड पाडताना दोर धरण्याच्या पदाचा मी राजीनामा दिलेला आहे. हे पद मी अवघी एक सकाळ भूषवलं. माझ्या कारकिर्दीत एकही झाड पडलं नाही, आणि अडचण नेमकी तीच झाली.

माझी सासुरवाडी नवेगाव बांधच्या अलीकडे, तळ्यावरचा वारा घरात येईल एवढ्या अंतरावर. घरामागे सांदवाडी, म्हणजे परस. तिथे धानाच्या तणसाचा ढीग, शेणाचा खड्डा आणि कुंपणाशी एक जुनं मोहाचं झाड. त्याच्यापासून दहा-बारा पावलांवर एक येन, म्हणजे ऐनाचं झाड. माझ्या साळ्याला मोहाच्या जागी ट्रॅक्टरसाठी शेड टाकायचं होतं. परवानगीचा कागद आला होता, टिनाचे पत्रे आले होते. जायचं राहिलं होतं ते फक्त झाड.

गावात झाडं पाडणारा एक जाणता माणूस आहे. पण दिवस मोहफुलाचे होते. या दिवसांत आमच्याकडे पहाटे घरात माणूस सापडत नाही. सगळं गाव आपापल्या झाडाखाली वाकलेलं असतं. हा जाणताही जंगलात फुलं वेचत होता. त्याने निरोप पाठवला, "फूल सरू दे, मंग येतो."

सासूबाईंचंही तेच म्हणणं. "अजून पडून राह्यलं ना फूल. देत्या हाताले कोनी कापते का बे?"

साळ्याने मात्र पेट्रोलवर चालणारी नवीकोरी कटर मशीन आणली होती, आणि नवी मशीन घरात बसली की माणसाला झोप येत नाही. मोबाईलवर त्याने अभ्यासही केला होता.

"काही नाही जी भाऊजी. एक बाजू इकडून मारायची, एक तिकडून. झाड आपोआप झोपते."

दोर धरायला आम्ही तिघं: दोन शेजारी आणि मी. झाड असेल चाळीस हात, दोर पंचवीस हात. मी गोंदियाला शाळेत गणित शिकवतो. ही वजाबाकी मला त्या सकाळी सुचली नाही. आम्ही दोराच्या टोकाशी पाय रोवून, छाती काढून उभे होतो, आणि साळ्याच्या योजनेप्रमाणे झाड बरोबर आमच्यावरच पडायचं होतं. हे आमच्यापैकी कुणाच्याच ध्यानात आलं नाही. एका शेजाऱ्याने तर फोटो काढून घेतला.

मशीन सुरू झाली. अर्ध्यात पातं अडकलं. ते ओढून काढून साळ्याने दुसऱ्या बाजूने लावलं, पण ते वीतभर वर. शेवटी दोन्हीकडचे काप संपले. त्याने मशीन बंद केली आणि हात वर केला.

झाड उभंच.

पूर्ण कापलेलं झाड आपल्या खुंटावर उभं राहिलेलं तुम्ही पाहिलं आहे का? पाहू नका. मशीनच्या आवाजानंतरची ती शांतता मला अजून ऐकू येते. पाखरू नाही, कुत्रं नाही. कापातून थोडं पाणी पाझरत होतं.

"ओढा!" साळा ओरडला.

ओढलं. काही नाही. पुन्हा ओढलं. आणि मग आमच्या हातातला ताणलेला दोर आपोआप सैल पडला. आम्ही ओढत नव्हतो. झाड आमच्याकडे यायला निघालं होतं.

घाईत नव्हतं ते. थोडं आलं, आणि मग मागून कुणी हाक मारावी तसं स्वतःभोवती वळलं. बुंधा खुंटावरून घसरला आणि जमिनीत रुतला. तो धक्का मला तळपायातून दातांपर्यंत जाणवला. वरचा सगळा पसारा जाऊन येनाच्या फांद्यांत अडकला. एक लांब कण्हणं आलं आणि थांबलं. मग आमच्या तिघांच्या डोक्यांवर फुलं पडू लागली. टप. टप. टप.

बायकोने मागच्या दारातून दोराकडे पाहिलं, झाडाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"गणिताचे मास्तर ना जी तुमी?"

आता सल्ले सुरू झाले. एक म्हणे ट्रॅक्टर लावून ओढा. दुसरा म्हणे येनही कापा, म्हणजे दोन्ही पडतील. साळा तर वर चढून फांद्या छाटायला निघाला होता. त्याला माझ्या बायकोने शर्टाला धरून खाली बसवलं. मी अर्थातच गोंदियाला परतायच्या ऐवजी सुट्टी वाढवली. असा तमाशा सोडून कोण जातं?

पण दुसऱ्या दिवशी दुपारी माझी मजा थोडी कमी झाली. वारा नव्हता. तणसाची काडी हलत नव्हती. आणि कुणी जुनं दार सावकाश उघडावं तसा मोह करकरला. थोड्या वेळाने पुन्हा. आम्ही जेवत होतो. प्रत्येक वेळी सगळ्यांचे घास हातातच थांबायचे. मी बाहेर येऊन पाहिलं. येनावर साळुंक्या बसल्या होत्या, कुंपणावर बसल्या होत्या. मोहावर एकही नव्हती. आणि तरी त्याची नवी तांबूस पानं टवटवीत होती, आणि फुलं पडतच होती. मुळांपासून तुटलेलं झाड बहर संपवत होतं. आपल्याला काय झालं आहे ते त्याला अजून कुणी सांगितलंच नव्हतं.

संध्याकाळी जाणता आला. कुंपणाच्या बाहेरच थांबला, आत पाऊल टाकेना. मग आजाऱ्याच्या खोलीत बोलावं तशा आवाजात त्याने साळ्याला विचारलं, "खाच कोनत्या बाजूनं घेतली होती?"

"खाच म्हंजे?"

जाणत्याने डोळे मिटले. "ज्या बाजूले पाडाचं त्या बाजूले आधी खाच घेतेत, बाबू. मंग मागून कापतेत. तू तं त्याले रस्ताच नाही सांगतला."

"मंग आता पडन का नाही?"

"हे पडलं नाही, थांबलं हाय. कधी जाईन ते तुले नाही सांगत, मले नाही सांगत. उद्या साखळी घिऊन येतो, दुरून ओढू. तोवर याच्याखाली कोंबडीही जाऊ देऊ नोका."

आम्ही लगेच बोरीच्या काट्या तोडून आणल्या आणि सभोवती वाड घातली. कोंबड्या खुराड्यात घातल्या. शेळी दुसरीकडे बांधली. एवढ्या बंदोबस्तात एका माणसाचा विचार आमच्या डोक्यात आला नाही.

तिसऱ्या दिवशी उजाडता उजाडता मी तोंड धुवायला मागे आलो. काट्यांची एक फांदी बाजूला सरकवलेली होती. आतली जमीन खराट्याने स्वच्छ झाडलेली. आणि त्या झाडलेल्या गोल जागेत, डोक्यावर चार-पाच हातांवर आडवं लोंबणारं ते सगळं ओझं घेऊन, सासूबाई उकिडव्या बसून फुलं वेचत होत्या. टोपली निम्म्याच्या वर भरली होती.

मोठ्याने ओरडलो तर त्या आवाजानेच झाड येईल असं मला वाटलं. गणिताच्या माणसाला असं वाटू नये, पण वाटलं. मी काट्यांशी जाऊन हळूच म्हणालो, "आई, बाहेर या. आत्ता."

"या झाडाखाली मी नवरी होऊन आली तवापासून वेचून राह्यली जी जवाईबापू. ते मले काही करत नाही. दोनच मुठी राह्यल्या. ढोरायच्या तोंडात घालाचं का एवढं फूल?"

"आई, त्यानं सांगितलंय ना काल..."

"त्याले काय होते सांगाले? त्याचं सोताचं फूल तं तो वेचूनच आला."

तेवढ्यात फुलं आली. एकेक नव्हे. वारा नसताना, पान न हलता, सगळ्या झाडाची फुलं एकदम सुटावीत तशी. त्यांच्या पाठीवर, टोपलीत, झाडलेल्या जमिनीवर. सासूबाईंनी वर पाहिलं. चेहरा असा उजळला की मी तसा कधी पाहिला नव्हता. उठून पळायचं सोडून त्यांनी डोक्यावरचा पदर काढून दोन्ही हातांनी पसरला.

"पाहा जी, कसं देऊन राह्यलं!"

मी वर पाहिलं नाही. मी खाली पाहत होतो. जमिनीत रुतलेल्या बुंध्याजवळची माती हळूहळू फुगत होती, आत कुणी कूस बदलत असल्यासारखी.

आमच्याकडे सासू जावयाला शिवत नाही. वीस वर्षांत पाण्याचा गिलाससुद्धा त्यांनी माझ्या हातात दिला नव्हता. खाली ठेवायच्या, मी उचलायचो. मी काटे तुडवत आत गेलो, त्यांचं मनगट धरलं आणि ओढलं. त्या वळल्या, माझ्याकडे पाहिलं, हात सोडवायला लागल्या. मी सोडला नाही. फुलांवरून आमचे पाय घसरत होते. काट्यांच्या बाहेर पडून आणखी किती पावलं गेलो ते आठवत नाही. मागून हवेचा एक गार लोट पाठीवर आला, मग जमीन उसळली, आणि मग आवाज. येनाची अर्धी फांदीही त्याच्याबरोबर खाली आली.

धूळ खाली बसली. साळा तोंडात दातून धरून दारात उभा होता. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. शेजारच्या दोन बाया टोपल्या घेऊन कुंपणाशी आल्या होत्या. झाडलेली ती गोल जागा कुठे होती, टोपली कुठे होती, काही ओळखू येत नव्हतं. सगळीकडे नुसत्या फांद्या, आणि त्यांच्यातून अजूनही कुठेतरी एखादं फूल पडत होतं.

सासूबाई आणि मी तिकडेच पाहत होतो. मग त्यांनी झाडाकडे पाहिलं, कुंपणाशी उभ्या बायांकडे पाहिलं, मोकळ्या हाताने पदर पटकन डोक्यावर ओढला, आणि सगळ्या सांदवाडीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "जवाईबापू, हात सोडा जी आता, लोकं पाहून राह्यले!"