गालिच्यावरच्या लेंड्या

“हिला वासाची सवय असंल. हिला खताकडं टाका.”

वाक्य माझ्याबद्दल होतं, माझ्याशी नव्हतं. ते आमच्या सरांना उद्देशून होतं, आणि सरांनी मान हलवली. दोघांच्या मध्ये मी उभी होते. पिशवीत पांढरा एप्रन, घडी घातलेला.

वसमतजवळच्या हळदीच्या कारखान्यातलं ऑफिस. भिंतीवर मालकांचे सत्काराचे फोटो. सगळ्यांत एकच शाल फिरवली असावी इतके सारखे. मालकांना सगळे भाऊ म्हणायचे. कुणाचे भाऊ, हे विचारायचं नसतं. बाहेर फाटकावर आमच्या कॉलेजचा फ्लेक्स: ‘शिकू हाताने, जगू मानाने’. त्यावर भाऊ मोठे, प्राचार्य मध्यम, आणि आम्ही विद्यार्थी एवढे लहान की स्वतःला शोधायला बोट लावावं लागायचं.

योजना अशी होती. अकरावीच्या पोरांनी नुसतं घोकू नये. आपल्याच भागातल्या उद्योगात महिनाभर जावं, तिथला एखादा खरा प्रश्न घ्यावा, काम करत शिकावं आणि शेवटी सगळ्यांसमोर मांडावं. गुणपत्रिकेत त्याचे गुण धरायचे. कल्पना चांगली होती. आजही चांगलीच म्हणते. चांगल्या कल्पनेचं काय होतं, ते ती कुणाच्या ऑफिसात जाऊन बसते त्यावर ठरतं.

मला प्रयोगशाळा हवी होती. त्याचं कारण घरातलं आहे. लहानपणी परकरावर हळदीचा डाग पडला आणि आईनं साबण लावला, की डाग लालभडक व्हायचा. पाण्यात खळबळला की पुन्हा पिवळा. मी विचारायची, “काहून गं?” आई म्हणायची, “लाजती हळद.” या उत्तरावर मी बरीच वर्षं काढली. मग पुस्तकात खरं कारण वाचलं. पण पुस्तकात कारण असतं, डाग नसतो. त्या कारखान्यात हळदीतला पिवळा रंग किती आहे ते मोजायचं यंत्र होतं. ते मला चालवून बघायचं होतं. हाव म्हणाल तर एवढीच.

भाऊंनी आम्हाला रांगेत उभं केलं आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला.

“वडील काय करतात?”

ऋतुजाच्या वडिलांची आडत. ती प्रयोगशाळेत. तिला तिथं जायचंही नव्हतं. एकाची चांगली बागायत होती, शिवाय काका पंचायत समितीत. त्याला भाऊंच्या शेजारचीच खुर्ची. त्याच्या प्रकल्पाचं नाव ‘व्यवस्थापन’. मग माझा नंबर. मी म्हणाले, “मेंढरं हायेत आमची.”

तेव्हा ते वाक्य आलं.

दहावीला विज्ञानात वर्गात मी पहिली होते. सरांना माहीत होतं. सरांचा चहा आला होता.

कारखान्यानं नुकतीच सेंद्रिय हळद काढली होती. त्यासाठी मागच्या शेडमध्ये लेंडीखताचा ढीग. मी तो काठीनं फोडायचा, चाळायचा, पोत्यात भरायचा. सोबत रोजंदारीच्या दोन बाया. त्यांच्या कामाला काम म्हणत. माझ्या कामाला ‘सेंद्रिय खत व्यवस्थापन : एक अभ्यास’.

वासाची मला सवय आहे. खोटं कशाला सांगू? आमच्या घराला तो वास चुलीच्या धुरासारखाच चिकटलेला. त्याची मला कधी लाज वाटली नाही. आमचे अण्णा लोकांच्या रानात मेंढरं बसवतात, त्याच खतावर लोकांची हळद उभी राहते. पण माझ्या नाकाला काय चालेल, हे एका परक्या माणसानं माझ्याकडं न बघता ठरवलं होतं. ते मात्र नाकात गेलं ते गेलंच.

मी सरांना म्हणाले, “सर, मला आतलं काम द्या.”

सर म्हणाले, “अगं, सगळंच शिक्षण असतं. काम लहान-मोठं नसतं.”

तालुक्याच्या वाचनालयातली पुस्तकं मी बरीच वाचली आहेत. त्यांत हे वाक्य पुष्कळदा भेटलं. बोलणारा दर वेळी मोठ्याच कामावर असतो.

एकदा दुपारच्या सुट्टीत मीच गेले. नळावर कोपरापर्यंत हात धुतले. पिशवीतला एप्रन काढून घातला. प्रयोगशाळेला काचेचं दार होतं. तिथले साहेब आतून म्हणाले, “तिथूनच बघ. खताचे हात आहेत.”

“धुतलेत, सर.”

“तरी.”

एवढंच म्हणाले. तरी. वाईट बोलले नाहीत, ओरडले नाहीत. मी काचेला हात न लावता उभी राहिले. हाताला काय राहिलं होतं, साबणानं न जाणारं? मी वास घेऊन पाहिला. साबणाचाच येत होता. आतून ऋतुजानं मला परीक्षानळी उंच करून दाखवली आणि जांभई दिली. संध्याकाळी म्हणाली, “सुटलीस बाई तू. आत एसीनं डोकं दुखतं.”

मी एप्रन घडी करून पुन्हा पिशवीत ठेवला.

समारोपाच्या आधी भाऊ पहिल्यांदा खताच्या शेडमध्ये आले. नाकाला रुमाल, मागे फोटोवाला. सेंद्रिय हळदीचं नवं पाकीट निघणार होतं, आणि पाकिटावर भाऊंना मेंढपाळ हवा होता.

“तुझा बाप फेटा बांधतो ना? घोंगडं हाय का जुनं? मिशा कशा हायेत?”

मी म्हणाले, “मिशा बऱ्या हायेत.”

“मग कार्यक्रमाला घेऊन ये. तू पण घोंगडं घेऊन स्टेजवर यायचं. आणि एक कोकरू आण. पांढरं आण, काळं फोटोत दिसत न्हाई.”

“अण्णाला वेळ न्हाई, भाऊ.”

भाऊ हसले. माझ्या बापाचा वेळ मी ठरवणार? त्यांनी सरांकडून नंबर घेतला आणि थेट अण्णांना फोन लावला. एवढ्या मोठ्या माणसाचा फोन. अण्णा उभं राहून बोलले.

कार्यक्रमाच्या दिवशी अण्णा आमच्या गावाहून, डोंगरकड्याहून, एस्टीनं आले. दाढी केलेली, लग्नातला फेटा, खांद्यावर घोंगडं, काखेत कोकरू. खूश होते. “कंडक्टर म्हनला, मामा, याचं हाफ तिकीट काढा. मी म्हनलं, काढतो, पर सीट द्यावी लागंल त्याला.” मला हे सांगताना स्वतःच हसले. मग माझ्याकडं बघून म्हणाले, “तुजं घोंगडं कुठं गं?”

“आणलं न्हाई.”

“काहून?”

त्यांच्या फेट्याकडं बघून कारण सांगता येईना.

कारखान्याच्या आवारात मांडव. स्टेजवर लाल गालिचा, पाहुण्यांना सोफे. जिल्ह्याहून एक अधिकारी आले होते. दीप पेटवायला सहाजण, त्यात काडी कुणी धरायची यावर थोडा वाद. मग सत्कार. सत्कारमूर्तींनी सत्कार करणाऱ्यांचा उलट सत्कार केला. शाली एवढ्या फिरल्या की दुकानदार समोरच बसला असावा असं वाटलं. मग मुलांचं सादरीकरण. ऋतुजानं कागद वाचला. ‘व्यवस्थापन’वाल्यानं भाऊंचे आभार मानले. तेच त्याचं सादरीकरण होतं.

माझं सादरीकरण नव्हतं. माझ्या जागी अण्णांचं नाव पुकारलं.

“आपल्या मातीतले, आपले मेंढपाळ बांधव!”

टाळ्या. अण्णा चढले. स्टेजच्या टोकाला एक खुर्ची रिकामी होती. ते तिकडं वळले तसा प्रयोगशाळेतलेच ते साहेब पुढं झाले. “इथं न्हाई मामा, कोकरू हाय ना हातात. उभेच रहा, फ्लेक्सजवळ.” अण्णा फ्लेक्सजवळ उभे राहिले. पडद्यानं झाकलेल्या पाकिटाच्या मोठ्या चित्राशेजारी माझा बाप. कुणीतरी सांगितलं, काठी सरळ धरा. त्यांनी धरली. कुणी म्हणालं, हसा. ते हसले. पुढच्या रांगेतले लोक मोबाइल काढून हसत होते. मग माझंही नाव पुकारलं. मी तशीच वर गेले, कॉलेजच्या ड्रेसवर. भाऊंनी बघितलं. घोंगडं नाही. कपाळाला आठी आली, पण माइक हातात होता, म्हणून हसले.

पाकिटाच्या चित्रावरचा पडदा ओढला, त्यात मेंढपाळाची जागा अजून कोरीच, आणि कुणीतरी कागदाचे तुकडे उडवणारी नळी फोडली. मोठा आवाज झाला. कोकरू बिचकलं, अण्णांच्या हातातून उसळलं आणि गालिच्यावर उभं राहिलं. पाय फाकवले. आणि टाकल्या.

काळ्या, गोल, ताज्या. लाल गालिच्यावर भाऊंच्या सोफ्यापासून हातभर अंतरावर. आमच्या सबंध प्रकल्पातला तो एकच अस्सल नमुना.

मांडव हसला. भाऊही हसले. आणि त्याच हसण्यात, माइक चालू असतानाच, माझ्याकडं बघून म्हणाले, “पोरी, उचल ते.”

सगळ्या आवारानं ऐकलं. माझं नाव त्यांना माहीत नव्हतं.

महिनाभर मी उचललं होतं. उचललं, फोडलं, चाळलं. त्यात मला कमीपणा नव्हता. रोज घरीही उचलते. पण तिथं, त्या क्षणी, शाली घेतलेल्या माणसांच्या मध्ये, ते बोट माझ्याकडंच का वळलं हे मला लख्ख दिसलं. त्यांनी विचारच केला नव्हता. इतरही पोरं होती स्टेजवर.

“न्हाई,” मी म्हणाले.

मला माइक नव्हता. तरी ऐकू गेलं असावं, कारण हसणं थांबलं.

आणि अण्णा वाकले. फेटा सांभाळत, काठी काखेत धरून, घाईनं, हातानंच गोळा करायला लागले. जणू त्यांच्याच पोटातून पडलं होतं. त्या वाकण्यानं माझ्या आत काय झालं ते मला नीट लिहिता येत नाही. मी त्यांचं मनगट धरलं.

“अण्णा, न्हाई.”

“आगं, आपलंच हाय ते.”

“कोकरू आपलं हाय. कार्यक्रम त्यांचा हाय.”

अण्णा अर्धे वाकलेले तसेच राहिले. मी मनगट सोडलं नाही. भाऊंकडं बघून म्हणाले, “महिनाभर हेच केलं, भाऊ. शिक्षण म्हणून. आता उचलण्यात शिकायचं काय राहिलंय?”

मग मी कोकरू उचललं. त्याचा दोष नव्हता. आम्ही दोघं पायऱ्या उतरून मांडवाच्या मधून चालत बाहेर आलो. मागे कार्यक्रम चालूच राहिला. असे कार्यक्रम कशानं थांबत नाहीत. अधिकारी माइककडं जाताना गालिच्यावरून एक पाय जपून उचलून गेले आणि शेतकऱ्याच्या मातीशी असलेल्या नात्यावर बोलले.

एस्टीत कोकरू अण्णांच्या मांडीवर झोपलेलं. वसमत मागं पडल्यावर म्हणाले, “मी उचललं आसतं तर काय झालं आसतं?”

“काहीच झालं नसतं, अण्णा.”

“मंग?”

“म्हणूनच.”

ते खिडकीबाहेर बघत राहिले. मला वाटलं रागावले. थोड्या वेळानं म्हणाले, “लोक हसले.”

“कोकराला हसले ते.”

“न्हाई माय. त्याच्या आदीपसून हसून राहिले व्हते.”

मी त्यांच्याकडं बघितलं. म्हणजे त्यांना कळत होतं. काठी सरळ धरताना कळत होतं. माझ्यासाठी म्हणून धरली होती.

दुसऱ्या दिवशी सरांनी बोलावलं. कारखान्याला माफीपत्र द्यायचं, नाहीतर प्रकल्पाचे गुण येणार नाहीत. “दोनच ओळी. मजकूर मी सांगतो. ‘माझ्याकडून गैरवर्तन झाले.’ लिही.”

पेन त्यांनीच दिलं. मी ते टेबलावर ठेवलं.

संध्याकाळी सरांनी घरी फोन केला. आई हातातलं काम टाकून म्हणाली, लिहून दे बाई, शिक्षणाचा प्रश्न हाय. अण्णांनी फोन घेतला. या वेळी बसूनच बोलले.

“सर, कोकरू माझं व्हतं. चूक त्याची हाय. माफी बी त्योच मागंल. घेऊन येऊ का?”

पलीकडून फोन बंद झाला. आईला हसू आवरेना. मला मात्र हसू आलं नाही. गुणपत्रिकेत प्रकल्पापुढं रेघ आली. ती रेघ आहे. पुढं कुठं प्रवेश घेताना कुणी विचारेल, तेव्हाही असेल.

पाकीट निघालं. दुकानात लटकलेलं असतं. त्यावर अण्णा हसतायत, फेटा, काठी, पांढरं कोकरू. त्या दिवशीचाच फोटो, पुन्हा न विचारता छापला. खुर्ची चित्रात नाही, आणि मीही नाही.

आता मी बारावीत आहे. यंदाही प्रकल्प आहे, तोच कारखाना, तोच फ्लेक्स. सर म्हणाले, तुझं नाव दुसरीकडं कुठंतरी घालतो, उगीच वाद नको. मी म्हणाले, नाही. तिथंच. खताच्या शेडकडं मी जाणार नाही. प्रयोगशाळेच्या दाराशी जाईन, आणि एप्रन पिशवीतून काढून नाही, घरूनच घालून. एस्टीतून तसाच घालून.

“वडील काय करतात?” असं या वेळी विचारलं, तर उत्तर देणार नाही. मला काय येतं ते विचारा, म्हणेन. पुन्हा विचारलं तर म्हणेन, तुमच्या पाकिटावर आहेत, बघून घ्या.

आणि हात दाखवा म्हणाले, तर दाखवणार नाही. दार उघडा म्हणेन. उघडेपर्यंत तिथून हलणार नाही.