सासऱ्यांच्या पेरूला फुटलेली मुळं

लातूर नुकतंच वेगळा जिल्हा झालं होतं आणि मी तिथल्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत नव्यानं लागले होते. त्या वर्षी पावसानं दडी मारली. पंचमीला लोह्याला सासरी गेले, तर अंगणातला पेरू पानं गाळत उभा. विहिरीनं तळ गाठलेला.

सासरे, म्हणजे आमचे मामा, निवृत्त मास्तर. त्यांना हसताना कुणी पाहिलेलं नव्हतं. म्हणाले, “हे झाड काय ऱ्हात न्हाई आता.”

“झाड नाही तर नाही, मामा. वाण तरी राखू.”

मुळं फुटायला मदत करणाऱ्या संप्रेरकाची पावडर आमच्या सरांनी मला छोट्या बाटलीत दिली होती. मी पाच कोवळ्या फांद्या निवडल्या, प्रत्येकीची बोटभर साल गोल सोलली. तिघींना पावडर लावली, दोघी तशाच ठेवल्या. मग पाचींवर ओलं शेवाळ थापून वर प्लास्टिक गुंडाळलं.

सासूबाई म्हणाल्या, “अगं, झाडाला सलाईन लावून राहिलीस का काय?”

मामांना मात्र त्या दोन फांद्यांचा कळवळा. “ह्यांनी काय घोडं मारलं? लाव की ह्यांनाबी.”

“फरक कळायला नको का, मामा?”

“आपल्या घरात असला भेदभाव चालत न्हाई.”

मी ऐकलं नाही. 

दसऱ्याला गेले, तर हातातली पिशवी खाली ठेवायच्या आत मामांची हाक. प्लास्टिकच्या आत पांढऱ्याशुभ्र शेवया! तिघींनाही मुळं, त्या दोघी कोऱ्या. मला नाचावंसं वाटत होतं, पण नाचले मामाच. टोपी हातात घेऊन गल्लीत धावले, “फुटली! सूनबाईनं हवेत मुळं फुटवली!” शेजारच्या काकूंनी अर्धंच ऐकलं, तेही ‘मुळं’चं ‘मुलं’ करून. गूळ घेऊन आल्या आणि मला विचारलं, “कितवा महिना?” सासूबाई हसून हसून ओट्यावरच बसल्या. आणि मामा? डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले.

मुळांच्या खाली कापून त्या तिघींची रोपं केली. एक रोप सासूबाईंनी भांडी विसळलेल्या पाण्यावर वाढवायला ठेवून घेतलं, एक काकूंनी नेलं. तिसरं मांडीवर घेऊन मी लातूरच्या एसटीत बसले.

“ताई, ह्याचं अर्धं तिकीट लागतंय,” कंडक्टर म्हणाला.

“मांडीवरच्या लेकराला कुठं तिकीट असतं?”

अहमदपूर येईपर्यंत अख्खी गाडी त्याला नावं सुचवत होती.