सायलीला पोहता येत नाही

मंडळी, सकाळपासून माझा राग उतरत नाहीये.

शेजारची सायली फौजदारपदाच्या मुलाखतीची तयारी करतेय. स्वतःच्या धैर्याचा प्रसंग म्हणून क्लासच्या सरांनी तिला बुडणाऱ्या मुलाला वाचवल्याची गोष्ट पाठ करायला दिली.

"काकू, मला पोहताच येत नाही हो!"

याच पोरीने मे महिन्यात नागावच्या किनाऱ्यावर सख्ख्या काकाच्या बोटीतून लाइफ जॅकेट नसलेले पर्यटक खाली उतरवले. काका अजून तिच्याशी बोलत नाही. सर म्हणे, "घरच्यांविरुद्ध गेलीस, ते सांगू नकोस."

आमच्या कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टर एवढ्याशा थापेलाही बाकावर उभं करायच्या!

मी तिच्याकडून बोटीचा खरा प्रसंग मोठ्याने म्हणवून घेतला. काकाचं नावही तिने गाळलं नाही.

तुम्ही मुलाखत घेत असतात, तर कोणती सायली निवडली असती?