भत्ते मोडून पगार बांधला

वाळूजच्या एका छोट्या कारखान्यात मी पगार करायला लागले तेव्हा औरंगाबाद मला नवंच होतं. घर वैजापूरकडं, शेतकऱ्याचं. बी.कॉम. करून शहरात नोकरीला आलेली घरातली पहिली मुलगी मीच. कारखान्यात मोटारसायकलचे रबरी भाग बनायचे. प्रेसवर पुरुष, पॅकिंगला सगळ्या बाया. मालक गुलमंडीतल्या कापडवाल्यांच्या घरातले. त्यांना सगळे शेठ म्हणायचे.

एका पगाराला पॅकिंगमधली एक बाई माझ्या टेबलाशी आली. दौलताबादजवळच्या धनगरवस्तीवरची, माझ्याहून थोडी मोठी.

"ताई, माझा पगार चुकला का?"

मी पाहिलं. पोरगी तापानं फणफणली म्हणून तिचे दोन खाडे झाले होते. तेवढ्यानं तिचा अख्खा हजेरी भत्ता गेला होता. तो भत्ता लहानसहान नव्हता. आमच्याकडं बेसिक अगदी कमी आणि भत्ते भरपूर: हजेरीचा, येण्याजाण्याचा, कपडे धुलाईचा.

"चुकला नाही हो, नियमच तसा आहे," मी म्हणाले.

"आसंल," ती म्हणाली, "पण दोन खाड्यांनी लईच गेलं बघा." आणि कामावर गेली.

माझ्या डोक्यातून ते जाईना. पुढच्याच आठवड्यात कामगार कार्यालयात कागद द्यायला गेले, तेव्हा तिथल्या साहेबांना धीर करून विचारलं, "सर, आमचा एकूण पगार किमान वेतनाच्या वर आहे. मग बरोबरच ना?"

साहेब चहा पीत होते. म्हणाले, "एकूण नका सांगू. बेसिक आणि महागाईचा विशेष भत्ता मिळून किती होतात?"

मी सांगितलं. त्यांनी कप खाली ठेवला.

"अहो, हजेरी भत्ता म्हणजे बक्षीस. येण्याजाण्याचा, धुलाईचा म्हणजे खर्चाची भरपाई. त्यांची ठिगळं लावून किमान वेतन पुरं करता येत नाही. ते आधी पुरं करायचं, मग वर काय द्यायचं ते द्या."

मी बाहेर आले तेव्हा पाय जमिनीवर नव्हते. रिक्षात बसल्या बसल्या हिशेब मांडायला लागले. शेजारी बसलेल्या आजोबांनी विचारलं, "परीक्षा हाय का काय आज?" मी म्हटलं, "व्हय बाबा, तसंच समजा!" कॉलेजात जे वाचलं त्याचा कुणाच्या तरी ताटातल्या भाकरीशी संबंध असतो, हे मला त्या रिक्षात पहिल्यांदा कळलं.

शेठ ऐकताच भडकले. "बेटा, टोटल तर आपलं जास्तच आहे की! सल्लागारानं बसवून दिलंय सगळं. बेसिक वाढलं की फंड वाढणार, ओव्हरटाइम वाढणार. कारखाना बंद करू का?"

मग एकदम तोंडातून निघालं, "शेठ, गिऱ्हाइकानं चार मीटर कापड मागितलं, तर तुम्ही साडेतीन मीटर कापून वर दोन रुमाल ठेवता का? म्हणता का, घ्या, झालं चार मीटर?"

शेठ खुर्चीत मागं रेलून एवढ्यानं हसले, की बाहेरचा वॉचमन डोकावला.

"आमच्या वडिलांनी उभं सोललं असतं मला," ते म्हणाले. "बस. मांड."

दोन दिवस आम्ही समोरासमोर बसून भत्ते मोडत होतो. येण्याजाण्याचा गेला, धुलाईचा गेला, हजेरीचा मोठा तुकडा गेला, आणि सगळं बेसिकमध्ये आणि विशेष भत्त्यात येऊन बसलं. घरभाड्याचा भत्ता तेवढा वेगळा दाखवला. हजेरीला फक्त थोडंसं वर ठेवलं, बक्षीस म्हणूनच. कोष्टक जुळलं तेव्हा मी टाळीच वाजवली.

आणि दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत सगळं माझ्या अंगावर आलं.

शेडमध्ये मी नवा पगार समजावून सांगत होते. प्रेसवरचा एक जण ताडकन उठला. "ताई, भत्ते कुठं गेले आमचे? फंडात जास्त जाणार म्हंजी हातात कमीच की!" मागून दुसरा ओरडला, "आमच्या पगाराला हात लावू नका!" भांडी आपटायला लागली. ते खरं तेच बोलत होते. फंडाची कपात वाढली की हातात कमी येणार, हे कोष्टकात होतं. पण माझ्या आनंदात मी त्याकडं नीट बघितलंच नव्हतं.

"फंडात जातं ते तुमचंच आहे," मी ओरडून सांगितलं. "तुमच्याएवढीच भर शेठनाही घालावी लागते. ओव्हरटाइम नव्या बेसिकवर निघणार. खाडा झाला तर त्या दिवसाचा पगार जाईल, महिन्याचा मोठा भत्ता नाही!"

"ते खरं हो," पॅकिंगमधून कुणीतरी म्हणालं, "पण किराणा आत्ता लागतो!"

शेठ दारात उभे होते, ते कुणाला दिसलं नव्हतं. ते पुढं आले. मला वाटलं, आता गुंडाळतात सगळं.

"हातात कुणाच्या कमी पडणार नाय," ते म्हणाले. "जेवढा फरक पडतो तेवढं बेसिक अजून वाढवा. मांडा मॅडम, परत मांडा."

त्या दिवसापर्यंत त्यांनी मला कधी मॅडम म्हटलं नव्हतं. शेडमध्ये जो गलका झाला तो रस्त्यापलीकडच्या कारखान्यात ऐकू गेला. पॅकिंगच्या बायांनी मला मधे ओढलं, कुणी शेंगदाण्याची चटणी हातावर ठेवली, कुणी भाकरीचा तुकडा. मी हसत होते आणि डोळ्यांतून पाणी येत होतं.

नव्या पद्धतीचा पहिला पगार तयार करून मी शेठच्या सहीसाठी नेला. त्यांनी पानं उलटली, मधेच थांबले आणि चष्म्यावरून माझ्याकडं बघत म्हणाले, "आणि तुमचा?"

"माझा काय?"

"बेसिक अन् विशेष भत्ता मिळून किती होतात?"

मी वाकून पाहिलं. क्लार्कच्या किमान दराला माझाही पगार पुरत नव्हता! सगळ्या कारखान्याचा तपासला आणि स्वतःचा तेवढा राहिला. शेठनी पेन माझ्यापुढं सरकवलं.

त्या संध्याकाळी मी गुलमंडीत उतरले आणि माझ्या पैशांनी पहिली साडी घेतली, लालभडक. दुकानदारानं दुसरी स्वस्तातली दाखवली तर म्हटलं, "नाही, हीच!"