आत्याबाईंची मागची सीट

आधीच सांगते, मी चालवते ती मोटारसायकल. स्कुटी नव्हे. पायानं गिअर टाकायची, हातानं क्लच दाबायची, किक मारली की शेजारच्यांची भांडी मांडणीवरून खाली येतात अशी. शाळा गावाबाहेर, एसटीचा भरवसा नाही, म्हणून घेतली. पहिल्या दिवशी साडी खोचून मी सात रस्त्याला आले तेव्हा सातही रस्ते थांबले होते. हवालदारानं वाजवायला तोंडात धरलेली शिट्टी गिळलीच. पुढं कित्येक दिवस ते बोलताना मधेच वाजायचे म्हणतात. मी काही ऐकायला गेले नाही.

तर या गाडीची मागची सीट आत्याबाईंची. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, आम्ही दोघी जावा त्यांना तशीच हाक मारतो. दर सोमवारी सिद्धेश्वराला, तिथून मंडईत, मंडईतून घरी. पदर डोक्यावरून घेतलेला, दोन्ही पाय एका बाजूला सोडलेले, उजवा हात माझ्या खांद्यावर. घरात ही बाई अबोल. चार माणसांत ‘व्हय’ आणि ‘न्हाय’ यापलीकडं शब्द फुटायचा नाही. पण गाडीनं दुसरा गिअर घेतला की माझ्या कानाशी धबधबा सुरू. मैंदर्गीतलं लहानपण, मामंजींशी पहिलं भांडण, कुठल्या नणंदेनं कुणाची पाटली कशी लाटली. आमच्या ह्यांना स्वतःच्या आईबद्दल जे ठाऊक नाही ते मला ठाऊक होतं, आणि ते मी मंगळसूत्रासारखं मिरवत होते.

मग धाकटीनं, म्हणजे माझ्या जावेनं, विजेवरची स्कूटर आणली.

धाकटी खालच्या मजल्यावर राहते. तिच्या स्कूटरचा रंग आंब्याच्या आइस्क्रीमसारखा आणि आवाज म्हणाल तर मांजरसुद्धा जास्त करतं. क्लच नाही, गिअर नाही. कान पिळला की निघाली. एका सोमवारी मला शाळेचं प्रशिक्षण लागलं, म्हणून आत्याबाई तिच्यामागं बसून गेल्या. परत आल्या त्या हसतच.

“थोरले, लोन्यावरनं गेल्यावानी वाटलं बग. धक्का न्हाय, आवाज न्हाय. देऊळ कवा आलं कळलंच न्हाय.”

“हो का,” मी म्हटलं आणि आमटीत तिखट घातलं. किती घातलं ते आठवत नाही, पण पलीकडच्या गल्लीत लोक शिंकायला लागले होते.

पुढच्या सोमवारी मला कसलंही प्रशिक्षण नव्हतं. तरीही त्या धाकटीमागंच बसल्या. त्याच संध्याकाळी धाकटीनं मला जिन्यात गाठलं.

“ताई, तुम्हाला माहितीय? आत्याबाईंना बघायला पहिला पाहुणा आला तेव्हा त्या ज्वारीच्या कणगीत लपल्या होत्या! दिवसभर! सगळं गाव शोधत होतं!”

मला माहीत नव्हतं. इतक्या सोमवारांत, इतक्या पेट्रोलात, कणगी कधी निघाली नव्हती.

“जुनंच आहे ते,” मी म्हटलं आणि वर गेले. जिन्याच्या प्रत्येक पायरीला त्या दिवशी चटका बसला असेल.

लोणी पाहिजे ना? मग लोणीच घालू, असं मी ठरवलं. माझ्या भावाकडं त्याच्या कारचं उरलेलं इंजिन ऑइल होतं. भारीतलं, मधासारखं, बघून पोळीला लावावंसं वाटावं असं. कारला जे चालतं ते मोटारसायकलला अमृतच ठरणार. मी गाडीतलं जुनं तेल काढलं आणि ते ओतलं. गाडी खरोखरच मऊ झाली. चार दिवस मी गल्लीतून अशी फिरत होते की जणू घोडा बदललाय.

सोमवारी आत्याबाई खाली उतरल्या तेव्हा मी आधीच गाडी फाटकात आडवी लावली होती. धाकटीला निघायला वाटच नव्हती.

“आज माझ्या गाडीवर,” मी म्हटलं. “लोणी बघा आता.”

बसल्या. रेल्वेवरच्या पुलापर्यंत सगळं लोणीच होतं. चढ लागला आणि इंजिननं असा टाहो फोडला की खालून जाणाऱ्या मालगाडीनं उलट शिट्टी दिली. आवाज शंभरचा, वेग गोगलगायीचा. मी पीळ वाढवते, गाडी नुसती किंचाळते. कलिंगडाच्या हातगाडीवाल्यानं आम्हाला मागं टाकलं.

“बाई, ढकलू का?” त्यानं जाता जाता विचारलं. स्वतःचा गाडा एका हातानं ढकलत.

“साकु!” आत्याबाई म्हणाल्या. राग आला की त्या मैंदर्गीच्या कन्नडवर जातात, आणि साकु म्हणजे पुरे. पुलाच्या मध्यावर त्या उतरल्या. तेवढ्यात मागून, काही आवाज न करता, आंब्याचं आइस्क्रीम येऊन उभं राहिलं.

“बसा, आत्याबाई,” धाकटी म्हणाली. माझ्याकडं बघून हसलीसुद्धा नाही. हसली असती तर बरं झालं असतं.

गाडी ढकलत घरी आणली. क्लच गेला होता. मेकॅनिककडं नेली असती तर ‘थोरलीला जमलं नाही’ म्हणायला धाकटी मोकळी झाली असती. म्हणून घरीच दुरुस्त करायची ठरवली. खालच्या व्हरांड्यात जुनी चादर अंथरली, पाने मांडले, मोबाइल विटेला टेकवून व्हिडिओ लावला. मदतीला आमचे हे. यांची मदत म्हणजे खुर्ची टाकून बसणं. बसल्या बसल्या यांनी तेलाचा रिकामा डबा उचलला.

“अगं, याच्यावर कारचं चित्र आहे की.”

“चित्र बघून तेल घालतात का?”

“मग काय बघून घालतात?”

यांनी मोबाइलवरून मोठ्यानं वाचून दाखवलं, अगदी बातम्या वाचल्यासारखं. मोटारसायकलचा क्लच तेलातच बुडलेला असतो. कारच्या तेलात निसरडेपणा जास्त. म्हणून क्लचच्या प्लेटा एकमेकींना धरायच्या सोडून घसरत बसतात.

“म्हणजे जास्त लोणी झालं,” हे म्हणाले. लोण्याचं यांना कुणी सांगितलं ते मी विचारलं नाही. खालच्या मजल्यावरून वर यायला बातमीला जिना लागत नाही.

तेल काढलं. ब्रेकचं पेडल आणि किक सोडवली, उजव्या बाजूचं झाकण उघडलं. झाकणाखालचं कागदी पॅकिंग फाटलं, ते नवं आणलं. स्प्रिंगचे बोल्ट सैल करताना मी इतका जोर लावला की पृथ्वी थोडी उलटी फिरली असावी, त्या दिवशी सूर्य उशिरा मावळला. आतून प्लेटा निघाल्या, एक खरबरीत, एक पोलादी, परत खरबरीत. खरबरीत प्लेटा चकचकीत घासून गेल्या होत्या. नव्या आणल्या. त्या लावण्याआधी तेलात भिजवायच्या असतात, योग्य तेलात. घरात एवढं पसरट भांडं एकच होतं.

आत्याबाई दुपारची झोप काढून बाहेर आल्या.

“ह्या काय कडक भाकऱ्या मांडल्यास व्हय गं?” मग वाकून बघितलं. “अय्यो! माजी परात!”

“नवी आणून देते.”

“ती माज्या आईनं दिल्याली हाय.”

मला वाटलं, आता आयुष्यभर त्या धाकटीच्या मागंच बसणार. पण त्या गेल्या नाहीत. सुपात शेंगा घेऊन पायरीवर टेकल्या आणि शेंगा फोडत बघत राहिल्या. मी प्लेटा एकाआड एक बसवल्या, झाकण लावलं, नवं तेल भरलं, क्लचच्या तारेला जरा ढील दिली. किक मारली. शेजारी भांडी पडली. ऐकून इतकं बरं वाटलं!

“बसता का, पुलापर्यंत?”

आत्याबाईंनी टरफलं झटकली. “बसते. पन डोक्याला काय तर पायजे. तुजा भरवसा न्हाय.”

हे मला लागलं. धाकटीमागं बसताना कधी हेल्मेट मागितलं नव्हतं. म्हणजे तिचा भरवसा होता. मी त्यांना घेऊन सरळ रिक्षानं हेल्मेटच्या दुकानात गेले. माझं स्वतःचंही गेलं होतं, काच तुटून पट्टा लोंबत होता.

दुकानदारानं आत्याबाईंच्या डोक्यावर पहिलं हेल्मेट ठेवलं. ते अंबाड्यावर चुंबळीवर ठेवलेल्या घागरीसारखं डुलायला लागलं.

“मावशी, अंबाडा सोडावा लागेल.”

“तुज्या आईला सांग सोडायला.”

दुकानातली सगळी हेल्मेटं झाली. शेवटी मीच त्यांचा अंबाडा सोडून मानेवर खाली बांधला, भर दुकानात, तोंडात पिना धरून. धाकटीनं कधी त्यांचे केस बांधले असतील असं मला वाटत नाही. मग चेहरा उघडा असलेलं, आयएसआयचं, मरून रंगाचं हेल्मेट नीट बसलं.

माझ्यासाठी मी काळंकुट्ट, तोंड झाकणारं, काचेवर सोनेरी झाक असलेलं उचललं. ते घालून चंद्रावर उतरलं तरी कुणी तिकीट विचारलं नसतं. खरं सांगायचं तर ते मला धाकटीला दाखवायचं होतं. आरशात बघत होते, तेवढ्यात आत्याबाईंनी कलिंगड बघतात तसं माझ्या डोक्यावर टकटक केलं. त्यांचे ओठ हलत होते.

“काय?” मी काच वर केली.

“म्हनलं, आयकू येतंय का?”

“नाही.”

“मग काड ते. हे घालून तुला काय उपेग? मी काय भित्तीशी बोलू?”

दुकानदार म्हणाला, “मावशी, यात सेफ्टी जास्त.”

“असंल. हिला आयकू येनारं दाव.”

दुकानदाराचं बरोबर होतं हे मला ठाऊक होतं. तरी मी त्यांच्यासारखंच घेतलं. काळं नाही, मरून. त्या एका आज्ञेनं मी जेवढी हुरळले तेवढी दागिना मिळाला असता तरी हुरळले नसते.

त्याच संध्याकाळी पूल. गाडी अशी चढली की आम्ही उतारावर पोचलो तेव्हा आमचा आवाज अजून चढावरच होता. आत्याबाई कानाशी ओरडल्या, “धाकटीची गाडी गुनाची हाय, पन मुकी. शिग्नलला थांबलं की बाजूच्या मानसाला समदं आयकू जातं, त्यो माज्या तोंडाकडं बगतो. काय बोलावं मानसानं? कनगीचं सांगितलं तिला. ते काय, मी कुनालाबी सांगते.”

“मला नाही सांगितलं!”

“तुला सांगन्यासारखं दुसरं लई हाय की.”

आणि मग, पूल उतरेपर्यंत, इंजिनच्या त्या दणदणाटात त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. पूल संपल्यावर मी वळसा घेऊन पुन्हा चढावर घेतली, कारण गोष्ट संपली नव्हती.

ती मी इथं लिहिणार नाही. मी लिहिलेलं सगळं धाकटी वाचते, आधी तिच्या मजल्यावर आणि मग मैत्रिणींना फोनवरून. वाच गं, धाकटे. कणगीपेक्षा मोठी आहे, एवढंच सांगते. आत्याबाईंना विचारून बघ, तुझ्या स्कूटरवर, सिग्नलला.