गोंगाट कमी करा

पंपांच्या कारखान्यात देखभाल विभागात चौतीस वर्षं काढलेल्या माणसाला खरं तर फोरमन म्हणायला हवं होतं, पण तिथे सगळे त्यांना कानसेन म्हणायचे. नाव चिकटलं ते एका दुपारी. तिसऱ्या ओळीतली मोटर आठवडाभर कुरकुरत होती, दोन इंजिनिअरांनी तिच्यापुढे हात टेकले होते, आणि हे गृहस्थ लांब दांड्याचा स्क्रू ड्रायव्हर घेऊन आले. टोक मोटरच्या अंगाला टेकवलं, मूठ कानाला लावली, डोळे मिटले आणि म्हणाले, मागचं बेअरिंग, एका गोळीला खड्डा पडलाय. उघडून पाहिलं तर खड्डा होता. त्यानंतर मशीनच्या आवाजावरून त्यांच्याशी वाद घालायची कुणाची छाती झाली नाही. इतर गोष्टींवरून लोक घालायचे आणि हरायचे, कारण माणूस पहिल्यापासून खमका. त्यांना नकार देणं सोपं होतं, तो त्यांच्या गळी उतरवणं महाकठीण.

निवृत्तीनंतर ते दर शनिवारी एका प्रशिक्षण केंद्रात शिकवायला जायचे. विषय एकच, मशीन आवाजावरून ओळखायची कशी. टेबलावर दोन मोटरी ठेवायच्या, एक धडधाकट आणि एक बिघडलेली, आणि मुलामुलींना डोळे मिटायला लावायचं. पुस्तकात न सापडणारी ही विद्या आपण मरण्याआधी दुसऱ्यांच्या कानात ओतून जायची, एवढा एकच उद्योग त्यांनी म्हातारपणासाठी ठेवला होता. तीन वर्षं तो चालला. मग घशात गाठ निघाली आणि गाठीबरोबर स्वरयंत्रही काढावं लागलं.

आता ते मानेच्या पुढच्या भोकातून श्वास घेतात. त्यावर एक पांढरं कापड बांधलेलं असतं. बोलण्यासाठी हातात टॉर्चएवढं यंत्र. त्याचं डोकं जबड्याखाली एका ठरलेल्या जागी दाबायचं, बटण धरायचं, यंत्र गुणगुणू लागतं आणि त्या गुणगुणीला ओठ आणि जीभ शब्दांचा आकार देतात. आवाज सपाट, एकसुरी, पण शब्द न् शब्द कळतो. बायकोने यंत्राचं नाव भुंगा ठेवलं. भुंग्यावर हात बसायला सहा महिने लागतील असं इस्पितळातल्या बाईंनी सांगितलं होतं. कानसेनांनी सात आठवड्यांत बसवला आणि आठव्या आठवड्यात दूधवाल्याशी भांडून दाखवलं.

ते आजारी होते तेवढ्या काळात केंद्राने शनिवारचा वर्ग कॉम्प्युटरवर नेला होता. विद्यार्थी गावोगावच्या कारखान्यांत कामाला लागलेले, ते आपापल्या ठिकाणाहून ऐकायचे. कानसेनांना हे बरंच वाटलं. घरच्या टेबलावर दोन्ही मोटरी मांडल्या, नवा हेडफोन आणला, शर्ट इस्त्रीचा घातला. बावीस जण जमले. कानसेनांनी भुंगा लावून बोलायला सुरुवात केली आणि पलीकडे सगळे नुसते बघत राहिले. पहिल्या शब्दाचं पहिलं अक्षर पोचायचं आणि पुढे सगळं सामसूम. वीस मिनिटं हा मूकपट चालला. शेवटी वर्गाची व्यवस्था बघणाऱ्या मॅडमनी तो आटोपता घेतला.

संध्याकाळी मॅडमचा फोन आला, तोही बायकोला. सरांना त्रास कशाला द्यायचा, असं त्यांचं म्हणणं होतं. सरांनी सगळं लिहून द्यावं, केंद्रातले एक तरुण सर ते छान वाचून दाखवतील, वर सरांचं नाव राहील. बाई गोड बोलत होत्या आणि मनाने वाईटही नव्हत्या, त्यामुळे वाटाण्याच्या अक्षता लावल्याचं कळायला क्षणभर वेळ लागला. कानसेन शेजारीच बसले होते. त्यांनी भुंगा उचलला.

"सांग त्यांना. लिहून देणार नाही. मी बोलणार."

बायको चोवीस वर्षं शाळेच्या कार्यालयात होती, नाही कसं म्हणायचं हे तिला नेमकं माहीत. तिने निरोप जसाच्या तसा सांगितला आणि स्वतःच्या पदरचं जोडलं, की ते इथेच बसलेत, पुढच्या वेळी त्यांच्याशीच बोला. बरंच ताणल्यावर मॅडमनी पुढचा शनिवार दिला. तोही फसला तर मात्र वर्ग तरुण सरांकडे जाईल, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं.

रविवारी केंद्राच्या कॉम्प्युटरवाल्याने नेहमीची यादी पाठवली. कॉम्प्युटर बंद करून चालू करा, हेडफोनची वायर काढून पुन्हा घाला, माइकला परवानगी दिली आहे का बघा, इंटरनेटचा वेग तपासा. कानसेनांनी यादीतलं एकेक केलं आणि एकेक खोडलं. त्यांची शिस्त जुनी होती. एका वेळी एकच पेच फिरवायचा आणि फिरवल्यावर ऐकायचं. चार पेच एकदम फिरवणाऱ्याला मशीन सुरू झालं तरी ते कशाने सुरू झालं हे कळत नाही, आणि अशा माणसाला त्यांनी आपल्या हाताखाली कधी टिकू दिलं नव्हतं. कॅमेऱ्याच्या पोटातही एक माइक असतो आणि कॉम्प्युटर गुपचूप तोच पकडून बसतो, हेही त्यांनी शोधून काढलं. तो बदलून हेडफोनचा केला. बायको स्वयंपाकघरात फोन घेऊन पलीकडच्या टोकाला बसली होती. तिला तरीही एकच अक्षर ऐकू आलं.

सोमवारी त्यांनी मशीन अर्ध्यात तोडायचं ठरवलं. म्हणजे बिघाड माइकच्या अलीकडे आहे की पलीकडे, एवढंच आधी बघायचं. त्यासाठी आपला आवाज इथल्या इथे टेप करून ऐकायला हवा होता, आणि इथे मात्र त्यांचा हात थांबला. ऑपरेशनला दहा महिने झाले होते. या दहा महिन्यांत त्यांनी तो आवाज बाहेरून एकदाही ऐकला नव्हता. बायकोने फोनवर काही टेप करायला घेतलं तर ते खोलीतून उठून जायचे. जगातल्या प्रत्येक मोटरला कान लावणारा माणूस स्वतःला कान लावायला घाबरत होता, आणि आपण घाबरतोय याचीच त्यांना जास्त लाज वाटत होती. सकाळची अर्धी वेळ त्यांनी टेबल पुसण्यात घालवली. मग एक कागद आणि पेन्सिल घेतली, भुंग्यावर मिनिटभर बोलले आणि टेप लावली.

पहिल्यांदा त्यांनी ती नुसती ऐकली आणि त्यांना रडू आलं. कुणी एक अनोळखी माणूस लांबच्या खोलीतून त्यांचे शब्द बोलत होता. दुसऱ्यांदा त्यांनी ती ऐकायची तशी, डोळे मिटून ऐकली आणि कागदावर लिहिलं. सूर एक. थरथर नाही. मध्ये तुटत नाही. शब्द स्वच्छ. खाली त्यांनी, कारखान्यात तपासणीच्या कार्डावर लिहायचे तसं, एक ओळ लिहिली: बिघाड नाही. कागद त्यांनी बायकोला दाखवला आणि ती काही बोलायच्या आत परत घेतला.

म्हणजे माइकपर्यंत सगळं ठीक होतं. मंगळवारी त्याच माइकवर बायकोला बसवलं आणि फोन घेऊन स्वतः स्वयंपाकघरात गेले. तिला काहीही बोल म्हटल्यावर तिने गेल्या एकतीस वर्षांतल्या ओल्या टॉवेलांचा विषय काढला. प्रत्येक अक्षर खणखणीत पोचलं. पुरावा पुरेसा झाल्याचं कानसेनांनी दोनदा खुणेने सांगितलं, पण ती थांबली नाही. मग फोन तिच्या हाती देऊन त्यांनी उलटा प्रयोग केला. मिक्सर उचलून माइकजवळ ठेवला आणि रिकामाच फिरवला. पलीकडे किंचित घर्र झालं आणि शांतता. टेबलफॅन लावला. किंचित सूं आणि शांतता. धडधाकट मोटर लावली, तिचंही तेच झालं. चौथ्या खेपेला त्यांनी भुंगा लावला आणि बायको दारातून म्हणाली,

"तुमचंही अगदी तसंच होतंय. मिक्सरसारखं."

कानसेन खुर्चीत बसले. कोडं सुटलं होतं, पण आनंद झाला नाही, संताप आला. कुठल्याशा शहाण्याने या प्रोग्रॅममध्ये एक पहारेकरी बसवून ठेवला होता. एका सुरात चालणारा आवाज आला की तो पंख्याचा किंवा यंत्राचा समजायचा आणि पुसून टाकायचा, एवढंच त्याचं काम. माणसाचा आवाज म्हणजे चढणारा-उतरणारा, हे त्याने ठरवून टाकलं होतं. सात आठवडे आरशासमोर उभं राहून, जबड्याखाली वळ उठवून त्यांनी जो आवाज परत मिळवला, त्याला हा पहारेकरी अर्धा सेकंद देत होता आणि नंतर मिक्सरबरोबर बाहेर काढत होता.

"मी पंखा नाही," ते म्हणाले. तोवर त्यांनी कॉम्प्युटर बंद केला होता, पण त्यांना ते कॉम्प्युटरलाच सांगायचं होतं.

बुधवारी त्यांनी प्रोग्रॅमच्या सगळ्या याद्या पिंजून काढल्या. आवाजाच्या पानावर, अगदी तळाशी, एक ओळ सापडली. गोंगाट कमी करा. पुढे खूण केलेली, आपोआप. त्यांनी ती कमीत कमी वर आणली. बायकोला आता अर्धे शब्द ऐकू येऊ लागले, तेही चिरफाळलेले. कमी बिघाड म्हणजे दुरुस्ती नव्हे, असं म्हणून ते पुन्हा शोधायला लागले. गुरुवारी मूळ आवाज जसाच्या तसा पाठवण्याची सोय सापडली. ती चालू केली तरी काही फरक पडेना. इथे त्यांच्या नाकी नऊ आले. शुक्रवारी कळलं, की ती सोय नुसती चालू करून भागत नाही, वर्ग सुरू झाल्यावर कोपऱ्यात तिचं एक बटण उगवतं आणि दर वेळी तेही दाबावं लागतं. त्यांनी ते दाबलं. स्वयंपाकघरातून बायको ओरडली, की आता हळू बोला, शेजारी ऐकतील.

शनिवारी दहाला बावीसच्या बावीस हजर होते. तरुण सरही होते, समोर कोरी वही घेऊन तयारीत. कानसेनांनी बटण दाबलं, भुंगा लावला आणि सुरुवात केली. बेअरिंग मरायच्या आधी तीन वेळा सांगून जातं, हे त्यांचं ठरलेलं पहिलं वाक्य. ते पूर्ण झालं. दुसरं अर्ध्यावर असताना मॅडमचा आवाज आला.

"एक मिनिट हं. कुणाच्या तरी घरी मिक्सर किंवा काहीतरी चालू आहे, खूप गोंगाट येतोय. मी त्यांचा माइक बंद करते."

आणि पडद्यावर कानसेनांच्या माइकवर लाल रेघ आली.

दारात उभ्या असलेल्या बायकोचा हात तोंडावर गेला. आठवडाभर कानसेन ज्या पहारेकऱ्याशी झुंजले तो यंत्रातला होता, त्याला बंद करायचं बटण होतं. हा जिवंत होता आणि त्याचा हेतूही चांगला होता. कानसेनांनी स्वतःच माइक चालू केला. बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात पुन्हा लाल रेघ. मॅडम सगळ्यांची माफी मागत होत्या, की बहुतेक सरांच्याच घरी काहीतरी चालू आहे.  क्षणभर कानसेनांना वाटलं, हेडफोन काढून आपटावा आणि उठून जावं, वाचू दे त्या तरुणाला. मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली, तोंड कॅमेऱ्याच्या अगदी जवळ नेलं, भुंगा जबड्याखाली घट्ट रोवला आणि तिसऱ्यांदा माइक चालू केला.

"मॅडम, हात थांबवा. हा मिक्सर नाही. हा मी आहे."

या वेळी लाल रेघ आली नाही.

"माझा आवाज गेला, त्याच्या जागी हा आणला. तुम्हाला तो गोंगाट वाटतो, वाटू दे. पण यापुढे इथे मशीन ऐकायला शिकायचं तर आधी हा ऐकायला शिकावं लागेल. पहिली पाच मिनिटं जड जाईल. नंतर जाणार नाही."

 मॅडमचा चेहरा लाल झाला होता. कानसेनांनी त्यांना सावरायला वेळ दिला नाही आणि माफीची वाटही बघितली नाही. त्यांनी बिघडलेल्या मोटरचं बटण दाबलं, माइक तिच्याजवळ नेला आणि बावीस जणांना, तरुण सरांना आणि मॅडमनाही, डोळे मिटायला सांगितलं.

पडद्यावर एकेक करून सगळ्यांचे डोळे मिटले. सगळ्यात शेवटी मॅडमचे.