झाकणाची फट

मावशीबद्दल ड्रायव्हरला खरं तर फारसं ठाऊक नव्हतं. ती कुठे राहते, घरी कोण कोण आहे, काहीच नाही. नऊ वर्षं रोज गाठ पडायची ती तपासणी केंद्राच्या मागच्या खोलीत, आणि तीही पाच मिनिटं. मावशी रक्ताचे नमुने खोक्यात भरायची, तो ते पाच तासांवरच्या प्रयोगशाळेत पोचवायचा.

पहिल्याच दिवशी त्याने कोरड्या बर्फाचा तुकडा उचलायला नुसता हात पुढे केला, तसा मावशीने हातातला चिमटा त्याच्या मनगटावर हाणला.

"भाजेल."

"बर्फाने?"

"साध्या बर्फाला हुडहुडी भरेल इतका गार आहे तो. आधी हातमोजे, मग शहाणपणा."

हा बर्फ पाण्याचा नव्हेच. सोड्याच्या बाटलीत फसफसतो तोच वायू गोठवलेला. विरला तरी थेंब सांडत नाही, सरळ वायू होऊन निघून जातो. म्हणून मावशी झाकणाला चिकटपट्टी दोनच बाजूंनी लावायची आणि गाडीची काच खाली आहे ना, हे रोज विचारायची. बंद गाडीत तो वायू साठला तर माणसाला भोवळ येते.

एके दिवशी खोक्यात त्याच्याच नातीचा नमुना होता. पोरीचा ताप तीन आठवडे उतरत नव्हता. इवल्याशा हातात शीर सापडेना, पाचव्यांदा सुई टोचल्यावर रक्त मिळालं होतं. नमुना वाटेत वितळला, तर पुन्हा सगळं पहिल्यापासून. त्याने गाडीत बसून झाकण चारी बाजूंनी गच्च चिकटवून टाकलं.

राहिलेली चिठ्ठी द्यायला मावशी बाहेर आली. खोकं बघून थबकली.

"हे कुणाचं डोकं?"

"गारवा निसटेल म्हणून... आमची छकुली आहे त्यात."

मावशी रागावली नाही. पात्याने तिने दोन बाजूंच्या पट्ट्या कापल्या. "वायू कोंडला तर वाटेतच झाकण उडेल, बाबा. मग छकुलीचं काय राहील?" आत जाऊन आणखी दोन डावभर बर्फ आणला आणि झाकण उचलून नमुन्यांवर ओतला.

त्या नमुन्यातून दुखणं सापडलं, पोरगी खेळायला लागली. पण हे मावशीला सांगायचं राहूनच गेलं. नमुना नेल्यावर दोनच दिवसांनी, निकाल यायच्या आधीच, ती नोकरी सोडून मुलाकडे राहायला गेली. पत्ता कुणालाच माहीत नव्हता.

शेवटची भेट ती जायच्या आदल्या दुपारची.

"पोचलं का रे?"

"पोचलं मावशी. दगडासारखं गोठलेलं."

"बरं झालं. काच खाली घे."